डावखुरा नायक

रविवार, संध्याकाळ

आज अखेर सुमनला माझा आवडता सिनेमा दाखवला. लग्नापासून तिला त्याची गोष्ट सांगतोय. आता प्रत्यक्ष पाहून आवडेल ना, एवढीच धास्ती होती. नायकानं भात कापायला विळा उचलला आणि ती म्हणाली, "अवो, ह्याचा विळा तर उजव्या हातात हाय! तुमी डावखुरा सांगत होता."

डावखुराच होता. मी पाहिलाय. मग आठवलं. लहानपणी म्हसाच्या जत्रेत, सिनेमाच्या तंबूत जागा नव्हती म्हणून आम्ही पडद्याच्या मागे बसलो होतो. तिकडून सगळं उलटंच दिसणार. बातमी दोनदा तपासणारा मी, हे कधी तपासलंच नाही. सुमनला हसू आवरेना.

संपल्यावर विचारलंच, आवडला का?

"चांगलाय. पण खोटं कशाला बोलू, मला तुमचा डावखुराच जास्त आवडायचा."

मलाही.