स्वर : सहकलाकार

३ जाने.
गार्गीने घाटंजीच्या बाजारातून पिशवीभर जुन्या कॅसेटी आणल्या. कॉलेजच्या गॅदरिंगला बायकांच्या आवाजातली जुनी रिमिक्स हवीत म्हणे, आता कोणी वाजवत नाही अशी. माझा टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढला, पट्टा बदलून आणला. दुपारभर एकच गाणं. दोन ओळी सावकाश, मग एकदम ठेका, मग ती बाई श्वास न घेता गात सुटते. पोछा मारता मारता सगळे शब्द ओठांवर. लेक दारात उभी राहून बघत होती.
"आई, तुले हे सगळं येते?"

५ जाने.
पिशवीच्या तळाशी त्याच कॅसेटचं हिरवं कार्ड. अक्षर माझं.
मामाच्या कॅसेटच्या दुकानात कार्डं मीच लिहायचे. एक सुबक लिहायचं आणि रंगीत कागदावर झेरॉक्स. यवतमाळात रेकॉर्ड केलेल्या गाण्यांसाठी छापखान्यात कोण जातं!
गीत : सुमन. संगीत : बाळूभाऊ. स्वर : सहकलाकार.
आवाज नसरीनचा. कॉलेजात तीन वर्षं एका बाकावर बसलो. तिच्या अब्बांचं स्टँडजवळ मोटर गॅरेज होतं. आता ती बोरी अरबला असते. शेवटची भेट तिच्या लग्नातली.

९ जाने.
गार्गीच्या मैत्रिणी येऊन आमच्या हॉलमध्ये त्याच गाण्यावर नाचून गेल्या. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, आवाज कोणाचा. शब्द कोणाचे हे कोणी विचारलं नाही. मी लिहिलेली दोन पुस्तकं कपाटात समोरच आहेत.
आठवत नाही, म्हणाले.

१० जाने.
निदान इथे तरी खरं.
बाळूभाऊंच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या. आधी मी गायले. ते म्हणाले, "सुरात हायेस सुमन. पण पाय नाही हालत माहे." मग नसरीन गायली. मी फक्त त्यांच्या चपलेकडे बघत होते. पहिल्या ओळीलाच ठेका धरला चपलेने.
मला मागचं 'हो हो' मिळालं. शब्द माझे, म्हणून नाव मिळालं.
कार्ड लिहिताना मामाला सांगितलं, तिचं नाव नको, तिचे अब्बा रागावतील. मामाला पटलं. असं कोणालाही लगेच पटतं, म्हणून तर तेच सांगितलं. नसरीनला विचारलं नव्हतं.

१४ जाने.
तिळाचे लाडू वळत होते. गार्गी मागून आली. "आई, ती तूच ना? म्हणून सांगून नाही राह्यली."
मी हसले. नुसतं हसले. तिने तेवढ्यावर गळ्यात हात टाकले, आवाज किती बदलला तुझा म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या मैत्रिणींना कळलं. २४ ला गॅदरिंगमध्ये मला स्टेजवर बोलावणार.
असं कौतुकाने तिने माझ्याकडे शेवटचं कधी पाहिलं होतं? थांबवायला हवं होतं. लाडू बेताचेच गोड झालेत, असलंच काहीतरी बोलले.

१९ जाने.
बोरी अरब. एसटीने. गार्गीला सांगितलं, वाचनालयात जाते.
नसरीन शिवणाचे क्लास घेते. दारातच, "सुमे! रस्ता चुकली काय?" चहा टाकला, मशीनवर बसून एक बाही पुरी केली. शिवताना गुणगुणत होती. इतक्या वर्षांत आवाज बसला असेल असं मनात धरून गेले होते. बसलेला नाही. चहा कडू लागला.
गाणं पुन्हा सापडलं एवढंच सांगितलं. ती आत जाऊन डबा घेऊन आली. त्यात तसंच हिरवं कार्ड. 'सहकलाकार' खोडून वर बॉलपेनने लिहिलेलं : नसरीन. अक्षर वेडंवाकडं, ग्रीसचा डाग.
"अब्बा गॅरेजात दिवसभर लावत. म्हणत, पोरगी गाते माही. लोक कार्ड पाहून म्हणत, चाचा, नाव तं नाही. मंग त्यांनीच लिहिलं."
मी म्हटलं, जागा पुरली नसेल तेव्हा.
"तुह्या अक्षराले जागा कमी पडली असं कधी पाह्यलं नाही मी, सुमे." आवाज चढवला नाही तिने. दोरा दाताने तोडला. मग विचारलं, गाणं कुठं वाजणार आहे. गॅदरिंगचं सांगावं लागलं. तारीखही.
"येऊ काय मी?"
बसची वेळ झाली म्हणून उठले.

२२ जाने.
तीनदा गार्गीच्या खोलीपर्यंत गेले. ती कानात गाणं लावून नाचाच्या पायऱ्या मोजत होती. मला पाहून हात केला, तू 'हो हो' म्हण म्हणाली. म्हटलं मी. तेवढं माझंच आहे.

२३ जाने. दुपार.
गार्गीने पांढरं कार्डशीट आणून ठेवलं. स्टेजशेजारी लावायचं आहे, अक्षर तुझंच पाहिजे म्हणाली. चारला न्यायला येते.
मगाशी नसरीनचा फोन. उद्या अकराच्या एसटीने निघते आहे. "समोरच्या रांगेत जागा धरून ठेव वं."
गीत : सुमन. संगीत : बाळूभाऊ. इथपर्यंत लिहून झालं.
स्वर :
पुढे हातभर कोरं आहे. पावणेचार वाजलेत. खाली गार्गीची गाडी लागल्याचा आवाज आला.