आषाढ ते कार्तिक उभी राहिलेली गाडी

लिहून ठेवणार: चंदनबाला, कै. आदगोंडा मगदूम यांची पत्नी, वय वर्षे एकसष्ट, धंदा कापडाची अडत, राहणार सांगली.

भाद्रपदात आजारी पडले होते, आता बरी आहे. डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या कुणाच्याही सांगण्यावरून मी हे लिहीत नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करीत आहे. त्यात एक मोठी चूक होती. ती कोणती, हे कलम तीनमध्ये येईल.

१. सांगलीचे राहते घर, त्यातील भांडी व माझे दागिने माझी मुलगी सुरेखा हिला द्यावेत. ती साताऱ्यास सासरी असते. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही, मात्र परसातील आडावर शेजाऱ्यांचा पाणी भरण्याचा हक्क राखून विकावे.

२. माधवनगरच्या गिरणीची धोतरे व लुगडी कराड, सातारा आणि फलटणच्या दुकानदारांना पुरवण्याची अडत यजमानांच्या मागे मी चालवली. तीही सुरेखाचीच. तिला जमेल. मला जमेल असेही कुणाला वाटले नव्हते.

३. या धंद्यात दुकानदारांकडे फिरायला मोटारगाडी लागते. सन १९५७ पासून मी यल्लाप्पा बिराप्पा बंडगर यांची गाडी महिन्याच्या भाड्याने लावली. गाडी त्यांची, चालवणार तेच. माझे दीर धनपाल यांनी त्याच वर्षी स्वतःची गाडी विकत घेतली आणि तेव्हापासून दर सणाला ते मला एकच वाक्य ऐकवत आले: "वहिनी, भाड्यात घालवलेत तेवढ्यात दोन गाड्या दारात उभ्या असत्या."

"उभ्याच असत्या, भाऊजी," असे मी म्हणे. त्यांची गाडी ताडपत्रीखाली असते. तिच्यात शेजारच्या मांजरीने तीनदा पिल्ले घातली आहेत.

माझा हिशेब सरळ होता. आम्ही जैन; पावसाळ्यात चाकाखाली जीवजंतू मरतात, म्हणून चातुर्मासात वाहनात बसायचे नाही, असा माझा नियम आहे. वर्षातले चार महिने जी गाडी मला चालत नाही, ती विकत कशाला घ्यायची? आठ महिने भाडे द्यायचे, आणि चार महिन्यांचे वाचलेले भाडे पोस्टात टाकायचे. तरीही भाऊजींचे वाक्य मनात राहिलेच. म्हणून मी पाच वर्षांपूर्वी नव्या गाडीसाठी नाव नोंदवले. पोस्टातली रक्कम त्या गाडीसाठी, असे ठरवले. दहा चातुर्मासांत ती पुरेशी झाली. श्रावणात नंबर लागल्याचे पत्रही आले.

भाद्रपदात मला ताप चढला. डॉक्टरांनी दवाखान्यात आणा म्हटले. यल्लाप्पा गाडी घेऊन दारात आले. मी बसणार नाही म्हटले. शेवटी मला लाकडी खुर्चीत बसवून पायी नेले. खुर्चीची एक बाजू भाऊजींनी धरली, दुसरी यल्लाप्पांनी.

"दारात गाडी असताना ही वरात!" भाऊजी धापा टाकत म्हणाले. "लोक हसताहेत, वहिनी."

"आक्का, घट्ट धरा," यल्लाप्पा म्हणाले, "म्होरं वळण हाय."

घरी आल्यावर त्यांची बायको बायडाबाई मला बघायला आली. मी म्हटले, "माझ्यापायी यल्लाप्पांची बाहेरची भाडी बुडाली असतील."

ती हसली. "आवं आक्का, कंची भाडी? गाडी आषाढापासनं लिंबाखाली उभी हाय, त्या दिशी तुमच्या दारी आली तेवढीच."

"का?"

"तुमच्या गाडीचा नियम हाय म्हनत्यात हे. चार म्हैनं तिच्यात कुनी बी बसायचं न्हाई. नियम तुमी धरला, उपास आमाला घडला."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. मी हळदीच्या वखारीत जाते, हे पोती उचलत्यात."

मी यल्लाप्पांना बोलावून विचारले, एवढ्या वर्षांत एकदा तरी बोलायचे नाही का? ते म्हणाले, "नियम मोडाय सांगनारं आमी कोन, आक्का?"

नियम माझा होता, गाडीचा नव्हता. हे मी त्यांना कधी सांगितले नाही, कारण सांगावे लागेल असे मला वाटलेच नाही. ते चार महिने दुसऱ्यांची भाडी मारत असतील, असे मी धरून चालले होते. पोस्टात मी जे साठवले, ते माझे वाचलेले नव्हते. ते त्यांचे बुडालेले होते. जुन्या मृत्युपत्रात ही रक्कम मी सुरेखाला लिहून दिली होती. तापात मेले असते तर तसेच झाले असते.

म्हणून: पोस्टातील सर्व रक्कम व त्या रकमेतून येणारी नवी गाडी यल्लाप्पांची आहे. ही देणगी नव्हे. माझ्या कुणाही वारसाने तिच्यावर हक्क सांगू नये. सुरेखाला सगळे पत्राने कळवले. तिचे उत्तर एका ओळीचे आले: "आई, आधी का नाही विचारलंस त्यांना?"

मी जिवंत असेन तर गाडी येताच त्यांच्या नावे करून देईन, आणि पूर्वीसारखीच भाड्याने लावीन. भाऊजी म्हणाले, "म्हणजे स्वतःची गाडी देऊन तीच भाड्याने घेणार?" होय. विकतची मला फार महाग पडत होती. हे ठरल्यापासून झोप चांगली लागते.

४. चातुर्मासात ही गाडी एकही दिवस उभी राहू नये. वऱ्हाड न्यावे, बाजारकरी न्यावेत, कोण काय खातो ते विचारू नये. मी चातुर्मासात गेले, तरी त्या दिवशी ठरलेले भाडे यल्लाप्पांनी मोडू नये.

५. यजमानांचे मनगटी घड्याळ व वर उल्लेखलेली लाकडी खुर्ची धनपाल भाऊजींना द्यावी. भाड्याच्या माझ्या दहा वह्याही द्याव्यात, बेरीज त्यांनीच करावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. ते कुरकुरतील, पण वाटेत खुर्ची खाली ठेवणार नाहीत.

६. बायडाबाईची साक्ष घ्यावी अशी माझी इच्छा होती. गाडी तिच्याच घरी जाणार असल्याने तिची सही घेऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून सही न घेता तिचे बोलणे कलम तीनमध्ये जसेच्या तसे लिहून ठेवले आहे.

सांगली, दिनांक १८ डिसेंबर १९६६

सही: चंदनबाला आदगोंडा मगदूम

आमच्यासमोर वाचून, समजून सही केली:
१. जोतिबा केरू साळुंखे, निवृत्त पोस्टमास्तर
२. श्रेणिक बाबगोंडा चौगुले, शेजारी