सारजाबाईंचा अंगठा

प्रिय शिवम,

तुझी ताई शाबूत आहे, हे आधी वाच, घोटभर पाणी पी आणि मग पुढे जा. उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलंय, गळ्यात पट्टा आहे. पण मी पडले डावखुरी! त्यासाठी शाळेत खाल्लेल्या छड्या आज वसूल झाल्या. कॉलेजची पोरं पेपर तपासणीतून सुटलेली नाहीत आणि तूही या पत्रातून सुटणार नाहीस. फोनवर मी लासूर रस्त्याचं नाव काढलं की तुला लगेच मीटिंग आठवते. त्या दुपारबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असं ठरलं, आणि तेव्हापासून दीड वर्ष तू पुण्याहून घरी पाऊल टाकलेलं नाहीस. मला तू घरी हवा आहेस, म्हणून ते ठरलेलं मी आज मोडतेय.

पण आधी माझी हकिकत ऐक. गेल्या मंगळवारी नेहमीसारखी फुलंब्रीला कॉलेजात निघाले होते. सिल्लोड रस्त्यावरच्या मक्याच्या गोदामातून एक भरलेली पिकअप, इकडेतिकडे न बघता, सरळ रस्त्यावर आली आणि माझ्या कारच्या दारावर आदळली. गर्दी जमली. कुणीतरी ड्रायव्हरला म्हणालं, "पळ, पोलीस येतील." तो पळाला नाही. अजिनाथ त्याचं नाव, तुझ्याच वयाचा, गाडी त्याचीच. माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, गाडीला विमा नाय. पण मी हाय. मी कुठं जात नाय." पिकअपला लिंबू-मिरची ताजी होती, बॉनेटवर भंडारा लावलेला होता. विमा तेवढा नव्हता. मला इतका राग आला की दुखणंसुद्धा दोन मिनिटं विसरले.

तू मला फौजदार म्हणतोस ना, ते खरं ठरवलं बघ. "गाड्या बाजूला घ्या, रस्ता अडलाय" म्हणत चार जण पुढे आले, तर म्हटलं, आधी फोटो, मग बाजूला. एका विद्यार्थिनीकडून दोन्ही गाड्यांचे, नंबरचे, रस्त्यावरच्या काचांचे फोटो काढून घेतले. ११२ ला फोन केला. चहावाल्याचं आणि गोदामाच्या हमालाचं नाव-नंबर लिहून घेतलं. दवाखान्यात मला अजिनाथच घेऊन आला. एक्स-रेच्या रांगेत बसूनच मी माझ्या विमा कंपनीला कळवलं. पंचनामा झाला. माझी गाडी माझ्या विम्यातून दुरुस्त होईल. माझ्या हाडाचा दावा मात्र अजिनाथवर, कारण त्याच्यामागे कुठली कंपनीच नाही. त्याची पिकअप ठाण्याच्या आवारात उभी आहे, कोर्टात हमी भरल्याशिवाय सुटायची नाही. मला त्याची दया येते, पण दयेपोटी मी तक्रार मागे घेतलेली नाही.

आता खरी गोष्ट. तात्या गंगापूरहून धावत आलेच होते. चौथ्या दिवशी अजिनाथचा चुलता मल्हारी तीन-चार माणसं घेऊन घरी आला. शंभराचा बाँड लिहून तयार. "साहेब, गरिबाचा मामला हाय, ताईंची येवढी सही द्या, मिटवून टाकू." तात्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले, "अपघात माझ्याच चुकीने झाला असून माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही." तात्या भडकले. माझ्या लेकीचं हाड मोडलं आणि चूक तिचीच? असला कागद लिहून आणताना लाज कशी वाटली नाही? आणि बोलता बोलता मध्येच थांबले. चष्मा काढला आणि पुसतच बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते मनातल्या मनात कुठला दुसरा कागद वाचत होते ते मला कळलं होतं, आणि तुलाही आता कळलं असेल.

दाराशी चपलांजवळ बसलेला अजिनाथ उठला आणि चुलत्याला म्हणाला, "काका, ते खोटं हाय. ताईंची चूक नव्हती. फाडा तो कागद." बाँड मीच फाडला, एका हातानं आणि दातांनी. दावा चालेल. अजिनाथला झेपतील असे हप्ते मी मान्य करणार आहे, पण कागदावर जे घडलं तेच लिहून.

दुसऱ्या दिवशी तात्या गावी जाऊन परत आले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून दुसरा बाँड काढून माझ्यासमोर ठेवला. "शेळ्या उधळल्यामुळे मी स्वतः घसरून पडले, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही." खाली अंगठा सारजाबाईंचा, लासूर रस्त्यावर आपल्या गाडीनं ज्यांना उडवलं त्यांचा. आपल्या गाडीचा विमा संपून तेव्हा अकरा दिवस झाले होते. तो भरायचं काम तुझ्याकडे होतं, आणि त्या दुपारी स्टेअरिंगही तुझ्याच हातात होतं. तात्यांनी एका तासात मिटवलं आणि तुला संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. मीही गप्प बसले, शिवम. भाऊ वाचला म्हणून मला बरंच वाटलं होतं. त्याची आज लाज वाटते.

परवा आम्ही दोघं सारजाबाईंकडे गेलो. त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंतसुद्धा जात नाही. केस सून विंचरते. शेळ्या विकून टाकल्यात. माझ्या गळ्यातला पट्टा पाहून त्यांनीच मला आधी खाटेवर बसवलं. तात्यांनी तो कागद त्यांच्या पायाशी ठेवला. बाईंनी कागदाकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "त्यो पोरगा बरा हाय का? त्याच्या कपाळातनं रगत येत व्हतं. तसाच बसून मला पानी पाजत व्हता." दीड वर्ष त्यांना तुझ्या कपाळाची काळजी आहे. तू त्या दिवशी पळाला नव्हतास, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. पळवलं आम्ही तुला.

हे पत्र त्यासाठी आहे. मी वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, उशीर झालाय, पण सारजाबाईंना दावा लावता येईल. फक्त गाडी कोण चालवत होतं हे चालवणाऱ्यानं स्वतः सांगायला हवं, कारण कागदावर तर त्या घसरून पडल्यात. तुझ्यावर गुन्हा दाखल होईल, हे मी लपवत नाही. तात्यांनाही त्या कागदाचा जाब द्यावा लागेल, आणि ते तयार आहेत. येत्या शनिवारी सकाळी अकराला आम्ही लासूर रस्त्याला सारजाबाईंच्या दाराशी असू. पाठ केलेलं भाषण नको. अजिनाथ माझ्या दाराशी जेवढं बोलला तेवढंच त्यांच्यासमोर उभं राहून बोल, विमा नव्हता, पण मी आहे. पुढचं मी बघते, माझा एक हात अजून शाबूत आहे.

वाट बघणारी, तुझीच
ताई