हलकं काम

प्रिय सुईबाई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तर लिहायला हात उचलत नव्हता. नात बाळसं धरतेय आणि तिकडच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी तुझे गुडघे जरा वाकायला लागलेत, हे वाचून बरं वाटलं. शेवटी तू विचारलंयस, आपल्या शिलाईच्या रांगेत काय चाललंय, सगळ्या कशा आहेत, कुणाला काही झालं तर नाही ना. हे तू प्रत्येक पत्रात विचारतेस. आधी मला त्याचं कौतुक वाटायचं, की बाई गेली तरी जीव इथेच आहे. या वेळी ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तर आता सगळं सविस्तर सांगते. लांबेल, पण तुला वेळ आहे आणि हल्ली मलाही आहे.

मला वेळ आहे, कारण मी आता मशिनवर नाही. मला पॅकिंगला बसवलंय. बुटाच्या नाकात कागदाचा बोळा कोंबायचा, लेस ओवायची, खोक्यात घालायचं. त्याला ऑफिसवाले 'हलकं काम' म्हणतात. शिलाईवाल्यांपेक्षा दोन तास आधी सुटका होते, आणि मुकादम ते असं सांगतो की जणू त्यानं आपल्या खिशातून दिलेत. पगार मात्र त्या दोन तासांपुरताच कमी झाला असता तर मी चकार शब्द काढला नसता. तो जवळजवळ अर्ध्यावर आलाय. कारखान्याची उतरंड तुला वेगळी काय सांगायची? वर कातडं कापणारे कटर, मग लाकडी फर्म्यावर बूट चढवणारे, मग आपण शिलाईवाल्या, आणि सगळ्यात खाली पॅकिंग. त्यातही अठराच्या आतला तो शिकाऊ, त्याला निम्मा पगार, मग काम कितीही सफाईचं असो. आणि शिलाईवाली पन्नाशीला पोचली की तिची नजर गेली असं धरून चालायचं आणि तिला खाली ढकलायचं. आपल्याला वाटायचं, ते दिवस लांब आहेत. कारण आपली खरी वयं ऑफिसात कुणाला ठाऊकच नव्हती.

आपण लागलो तेव्हा तिशीपुढच्या बाईला शिलाईवर घेत नव्हते, म्हणून निम्म्या रांगेनं वय चोरून सांगितलं होतं. आक्कानं तर इतकी वर्षं कमी केली होती की तिच्या हिशेबानं तिचा मोठा मुलगा ती शाळेत असताना झाला असता. आपण किती हसलो होतो त्यावर. हे हसणं रांगेच्या बाहेर कधी गेलं नव्हतं. नवऱ्यांना माहीत असेल, पण नवरे काही ऑफिसात सांगायला जाणार नाहीत, पगार त्यांच्याही घरातला आहे.

तू काम सोडून गेलीस आणि महिन्याभरात आक्काला ऑफिसातून बोलावणं आलं. ती परत आली ती थेट पॅकिंगच्या बाकावर जाऊन बसली. साहेबांनी तिला तिचं खरं वय सांगितलं म्हणे, मुलाच्या वयासकट, आणि विचारलं, तुम्ही कबूल करता की डॉक्टरांकडून तपासून घेऊ? मग कडेच्या मशिनवरची जाडी गेली. मग फर्म्यावाल्याची बायको. दर वेळी तेच. साहेब अंदाजानं बोलत नव्हते, त्यांना कुणीतरी नीट सांगितलेलं होतं. रांगेत शंकेची पाल चुकचुकायला लागली. डबा खाताना ज्या बायका एकमेकींच्या घरातली भांडणंसुद्धा चघळायच्या, त्या आता भाजी कशी झालीय एवढंच बोलू लागल्या.

संशय घ्यायला माणूस लांब शोधावं लागलं नाही. तुझ्या मशिनवर एक मुलगी आली होती. तिला सगळ्या 'नवी' म्हणतात, अजूनही. अंगानं चिमणीएवढी, दिसायला सोळाची, आणि पगार मात्र पहिल्या दिवसापासून पक्क्या शिलाईवालीचा. ती म्हणायची की ती बावीसची आहे आणि दुसऱ्या कारखान्यात काम करून आलीय. कुणी विश्वास ठेवला नाही. आम्ही म्हटलं, शिकाऊच्या वयाची पोरगी पक्क्या पगारावर बसलीय म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. हात तर असा की बघत राहावं. टाचेची गोलाई ती एका दमात फिरवते, मध्ये थांबत नाही.

तेवढ्यात घड्याळवाला आला. हा तुझ्या वेळी नव्हता. एक पोरसवदा साहेब, गळ्यात घड्याळ अडकवलेलं. तो आपल्या पाठीमागे उभा राहतो आणि एक जोडी शिवायला किती वेळ लागतो ते मोजतो. जितकं काम भरभर होताना त्याला दिसेल तितका जोडीमागचा दर उतरतो, हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं. आणि तो सगळ्यात जास्त वेळ उभा राहायचा तो नवीच्या मागे. एकदा तो वाकून तिला काहीतरी विचारताना दिसला आणि तिनं उत्तर दिलं. झालं. तेवढ्यावर रांगेनं निकाल लावला. खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मीच म्हटलं होतं, की हिच्यासमोर तोंडं सांभाळा.

मग माझा नंबर लागला. साहेबांनी बसायला खुर्ची दिली. माझं खरं वय सांगितलं, ते ऐकायच्या तयारीनंच मी गेले होते. पण त्यानंतर ते अगदी मायेनं म्हणाले, "बाई, काळ्या कातड्यावर काळा दोरा तुम्हाला दिसत नाही ना आता? कशाला डोळ्यांना ताण देता?"

सुई, हे वाचून तू क्षणभर थांबली असशील. मीसुद्धा तिथे थांबले होते. काळा माल मला दिसत नाही, हे मी घरातही बोलले नव्हते. घरी कळलं असतं तर यांनी तेव्हाच काम सोडायला लावलं असतं. रांगेतही कुणाला माहीत नव्हतं, कारण काळ्या जोड्या आल्या की त्या माझ्या टोपलीतून उचलल्या जायच्या आणि तांबड्या जोड्या माझ्यापुढे यायच्या. मुकादमाची पाठ वळली की हे व्हायचं, आणि इतकं सहज व्हायचं की मला कधी मागावंही लागलं नाही. कोण करायचं हे, ते तुला सांगायला नको.

तरीही मी दुसरंच काहीतरी मानत राहिले. नवी माझ्या शेजारी, तुझ्याच मशिनवर बसली होती ना, तिनं मला डोळे बारीक करताना पाहिलं असेल, असं मी ठरवून टाकलं. पॅकिंगच्या बाकावरून सगळी रांग दिसते. बोळे कोंबता कोंबता मी दिवसभर तिच्यावर नजर ठेवायचे. आणि एक गोष्ट मला खटकायला लागली. घड्याळवाला लांब असला की तिचं मशीन पावसासारखं चालायचं. तो मागे येऊन उभा राहिला की तिचा दोरा तुटायचा. ती ओवायची, पुन्हा तुटायचा. टाचेच्या गोलाईवर ती तीनदा थांबायची. मला वाटलं, हे काय नाटक आहे, आपल्याला भुलवायला.

मग तो दिवस आला. मशिनची सुई नवीच्या बोटातून आरपार गेली, नखासकट. ती ओरडली नाही, नुसती उभी राहिली, हात मशिनला अडकलेला. आणि आपल्या रांगेतली एकही बाई उठली नाही. ज्या रांगेत कुणाला शिंक आली तरी चौघी वळून बघायच्या, त्या रांगेत सगळ्यांची मशिनं चालू राहिली. मी पॅकिंगवरून उठून गेले, चाक हातानं उलटं फिरवून बोट सोडवलं आणि तिला दवाखान्यात नेलं. चांगुलपणानं नाही गं. मला तिला एकटीला गाठून विचारायचंच होतं.

विचारलं. म्हटलं, घड्याळवाला आला की तुझा दोरा बरा तुटतो? ती बोटाकडे बघत म्हणाली, "मावशी, मीच तोडते. माझ्या हातावर दर बांधला तर तुमच्या वयाच्या बायकांनी काय खायचं? माझ्या आईचं काम असंच गेलं. शेजारच्या पोरीचा हात भरभर चालायचा, तिच्यावरून दर बांधला." मग म्हणाली, "तो विचारत होता, इतक्यांदा दोरा का तुटतो. मी सांगितलं, दोराच हलका देता." तिनं माझ्यावर जराही राग धरला नव्हता. महिनाअखेरीला सोडून जातेय, एवढंच म्हणाली, कारण डबा एकटीनं खाववत नाही.

तिनं खरं सांगितलं याची मला खात्री आहे. आपल्या रांगेचा दर अजून उतरलेला नाही, तो त्या पोरीच्या तुटक्या दोऱ्यानं टिकलाय. पण मग साहेबांना सांगितलं कुणी? मी एकेकीला मनात पुढे उभं केलं आणि बाजूला केलं. शेवटी एकच जागा उरली, आणि तिथे मी बघत नव्हते.

त्याच आठवड्यात तुझा धाकटा आला घरी. हातात बिस्किटांचा पुडा, तोंडभर हसू. पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, मी पक्का कटर झालोय, आईनं जायच्या आधी साहेबांना भेटून सगळं जमवलं होतं." सतरा संपलेली नाहीत त्याची. त्याच्या बरोबरीचे शिकाऊ अजून निम्म्यावर राबताहेत आणि हा पुऱ्या पगारावर. हात चांगला आहे त्याचा, कातडं वाया घालवत नाही, कटरमामाही म्हणतात. पण हात चांगला म्हणून इथे कुणाला वयाआधी पगार मिळाल्याचं तू कधी पाहिलंयस? मी त्याला चहा दिला. त्याला काहीच ठाऊक नाही, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि माझ्याकडून त्याला कळणारही नाही.

मी रागावलेय का? रागावलेय. पहिले काही दिवस तुझ्याशी मनात इतकं भांडले की भाताचं पातेलं करपलं तरी कळलं नाही. मग हळूहळू दुसरंही दिसायला लागलं. गुडघे गेलेले, नवरा अंथरुणाला खिळून गेला त्याच्या औषधपाण्याचं देणं डोक्यावर, तू निघून जाणार आणि पोरगा इथे निम्म्या पगारात खोलीचं भाडं कसं भरणार. साहेबांनी तुला खुर्ची दिली असेल, तशीच मायेनं. आणि तू म्हणाली असशील, मी तर जातेच आहे. त्या खुर्चीत मला बसवून माझ्या लेकरासाठी विचारलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. वयं तू सांगितलीस, ते मी समजू शकते. काळ्या दोऱ्याचं का सांगितलंस, एवढं मात्र मला अजून उमगलेलं नाही. ते कुणी विचारलंही नसेल.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल डब्याच्या सुट्टीत मी रांगेला सांगितलं, की नवीनं काही केलेलं नाही, ती उलट आपल्याला सांभाळतेय. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग आक्का म्हणाली, "ती नाही, तर मग कोण?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सुई, तुझं नाव माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. त्याचा अर्थ त्यांनी असा घेतला की मला काहीच माहीत नाही, पोरीची नुसती दया आली. नवी तिकडे कोपऱ्यात डबा झाकत होती. तर ती जायच्या आधी, पगाराच्या दिवशी ये. गाडीचं तिकीट मी काढून पाठवते, उतर माझ्याकडेच. डब्याच्या खोलीत सगळ्या असतील, तेव्हा तुझ्या तोंडानं सांग. बायका बोलतील, आक्का तर सोडणार नाही, पण मी तुझ्या शेजारी बसेन आणि तुझं बोलणं पुरं होईपर्यंत कुणाला उठू देणार नाही. तू आली नाहीस तर त्या दिवशी मला तुझं नाव घ्यावं लागेल. पोरगी आपल्यामुळे जाऊ नये, एवढंच मला बघायचंय. तुझं नाव मी घेण्यापेक्षा तू घेतलंस, तर मला त्यानंतरही तुला पत्र लिहिता येईल.

तुझीच, अजून तरी,
रीळ