सत्तेचाळीस नंबरचा भाग

५ नोव्हेंबर २०२४

चाळिशी उलटलेला माणूस तीन केसांच्या ब्रशने प्लास्टिकच्या खुर्चीला रंग देत बसला होता. खुर्ची माझ्या नखाएवढी. माझ्याच व्हरांड्यात. हा आमचा जावई! बँकेत ऑफिसर हाय. दिवाळीला आला तो तीन खोकी घेऊन आला, त्यात सगळी खेळण्यातली लढाऊ विमानं. सुवर्णाला वाटतं, बाप विमानाच्या कारखान्यातला फिटर, नवरा विमानवेडा — दोघांचं जमेल. कशाचं जमतंय.

विचारतो काय, "नाना, सीटच्या मागचा रंग हिरवा होता की निळसर हिरवा?" म्हटलं, ललितराव, बघायला वेळ कुणाला होता. ते पण त्याने वहीत लिहून घेतलं.

डिंकाच्या वासाने चिवडासुद्धा कडू लागला.

७ नोव्हेंबर

परत आला. आज लॅपटॉप. यांचा एक ग्रुप हाय म्हणे, दोन हजार माणसांचा. विमानाचे फोटो जमवतात. उडतानाचे असते तर एक वेळ समजलो असतो. हे आतले फोटो! आतडी! कुठला पाइप कुठनं गेला, कुठला डबा कुठं बसला. मग त्याचा नकाशा काढतात, एकेका भागाला नंबर देतात. एकतीस वर्षं मी त्या आतड्यांत हात घातले, गुडघे घासले, एकाने कधी विचारलं नाय. आता ज्यांच्या नखात कधी ग्रीस गेलं नाय ते मला सांगतात बोल्ट किती होते.

इथल्याच एका कॉलेजच्या आवारात एक म्हातारं विमान उभं केलंय, शोभेला. सध्या त्याला रंग देतायत. सीट बाहेर काढलीय, वरची काच उघडी. हा आणि ग्रुपमधले तिघं आळीपाळीने आत उतरले आणि चारशे फोटो काढले. "नाना, विमान नंबर ७१९ आहे. तुमच्या हातचं." असं सांगत होता की मी नाचायला पायजे.

चष्मा सापडत नाय म्हणून सांगितलं. चष्मा खिशात होता.

८ नोव्हेंबर

आमची ही, साळू, म्हणते, जावयाशी वाकडं का बोलता. म्हटलं, सरळ बोललो तर दोन हजार माणसांत छापतो.

११ नोव्हेंबर

आज त्यांचा वाद ऐकला. ललितने फोन मोठा करून ठेवला होता, मी पेपर पुढं धरला. नकाशात एकशे बारा भाग. एकशे अकरांची नावं लागली, एकाचं लागेना. सत्तेचाळीस नंबर. सीटच्या मागं, खोल कुठंतरी, काहीतरी चपटं हाय, वरून रंगाचे थर बसलेत. पुढं लिहिलंय — अज्ञात. दीड महिना भांडतायत. नागपूरचा एक म्हणतो, हवेचा दाब मोजायचं यंत्र. पुण्याचा म्हणतो, गुप्त भाग हाय, म्हणून कुठल्या पुस्तकात नाय. नागपूरवाल्याने तर तो बनवून विकायला काढला. तांदळाच्या कणीएवढा. सत्तर जणांनी मागवला आणि आपापल्या खेळण्यात चिकटवला! काय आहे ते माहीत नसताना! थू असल्या शहाणपणावर.

मग ललितने विचारलं, तुमच्या गँगमधलं अजून कोण आहे, ज्यांना आठवेल. म्हटलं, गेले सगळे. साळू आतून बोलली, कोंडाजी हाय की चांदवडला.

म्हटलं, चोराचं नाव या घरात नको.

झालं. वही निघाली. सांगावं लागलं. शहाऐंशी सालचा मार्च. स्टोअरमधून हत्यार घेतलं की आपला पितळी बिल्ला तिथं टांगायचा. संध्याकाळी हत्यार परत केलं की बिल्ला परत. एक हत्यार कमी भरलं तरी विमान जाग्यावरून हलवायचं नाय, कारण आत राहिलेलं हत्यार वर गेल्यावर कुठंही जाऊन अडकतं. त्या दिवशी कोंडाजीचा बिल्ला लटकत राहिला. दांडीचा आरसा घेतला होता — दातवाल्याकडं असतो तसा, आडबाजूचं बघायला. आरसा आलाच नाय. साहेबांनी मला विचारलं. मी त्याला पिशवीत टाकताना पाहिला होता, तसं सांगितलं. गेटवर पिशवीची झडती झाली, काय निघालं नाय, पण भिंतीपलीकडं फेकायला कितीसा वेळ लागतो. आठ दिवसांत त्याला काढला.

फिटर एक नंबर होता. पैलवान गडी, एका हाताने चाक उचलायचा. अशा माणसाने आरशासाठी इमान घालवावं, याची मला अजून शिसारी येते.

ललित लिहायचा थांबला होता. बरं झालं.

१२ नोव्हेंबर

साळूने जेवणाचं ताट पुढ्यात आदळलं. कोंडाजीच्या बायकोचा, त्या कलाबाईचा तिला अजून पुळका. कोंडाजीला काढल्यावर त्याच्या थोरलीची जमलेली सोयरीक मोडली, ते ही दर दिवाळीला एकदा काढते. मी काय करू? मी सोयरीक मोडली?

१४ नोव्हेंबर

पंचाहत्तरी. नको म्हटलं होतं. तरी सुवर्णाने पंचाहत्तर दिवे मांडून ओवाळलं. गुडघे धरले माझे पाटावर बसून.

ललितने काचेची पेटी दिली. आत ७१९. वीतभर. तीन महिने रोज बँकेतून आल्यावर करत होता म्हणे. सगळ्यांसमोर हातात भिंग दिलं आणि म्हणाला, बघा नाना, आतलं पण सगळं आहे. बघितलं. काय करता.

खोटं कशाला लिहू. आतलं सगळं होतं. माझ्या हाताला जे माहीत होतं ते सगळं होतं. तिसऱ्या क्लॅम्पचा बोल्ट उलटा बसवावा लागायचा, तोसुद्धा उलटा.

आणि सीटच्या मागं डाव्या कोपऱ्यात त्यांचा तो सत्तेचाळीस नंबर. रंगाखालचा आकार त्यांनी फोटो जोडून-जोडून काढला होता. गोल चकती. मानेत बाक. दांडी.

आरसा.

मी भिंग खाली ठेवलं. म्हटलं, डोळे थकले. केक खाल्ला.

१५ नोव्हेंबर

सकाळी ललितला बोलावून मूळ फोटो मागितला. चष्मा लावून बघितला. मोठा करून बघितला. आरसाच हाय. दांडी दोन पाइपांमध्ये अडकलीय. वरून रंग बसला, मग अजून एकदा बसला.

जागा कुठली हे मला फोटोशिवाय पण सांगता आलं असतं. त्या फटीत गँगमधल्या कुणाचाच हात जायचा नाय. पट्टीएवढी फट. माझा जायचा, डावा. मी डावरा आणि काडीसारखा. गँगमध्ये मला उंदीर म्हणायचे. पैलवानाचं तर मनगटच अडायचं. तो बाहेरून बॅटरी धरायचा आणि मी आत हात घालायचो.

म्हणजे आरसा मी घेतला त्याच्याकडून. आत मी ठेवला. विसरलो मी.

ललित विचारत होता, ओळखलं का. म्हटलं, नाय.

१६ नोव्हेंबर

मग पिशवीत काय पाहिलं मी?

चकाकलं होतं काहीतरी. स्टीलचा डबा असेल. जेवणाचा डबा! मार्चएन्ड होता, विमान एकतीसच्या आत बाहेर काढायचं होतं, सीट बसवून झाली होती. परत खोलायची म्हणजे चार दिवस. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. काहीतरी चकाकलं, एवढंच म्हणायला पायजे होतं. मी म्हणालो, आरसा. साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला तो अजून दिसतो मला. पुढच्या वर्षी मला चार्जहँड केलं, गँगचा मुकादम.

आरशात बघून दाढी केली आज. गालावर कापलं. स्वतःचीच घाण वाटली.

१७ नोव्हेंबर

साळूला सांगितलं. भाजी निवडत होती. मान वर केली नाय. म्हणाली, "चांदवडची एसटी तासाला हाय."

१९ नोव्हेंबर

जाऊन आलो. ललितने त्या फोटोची मोठी प्रत काढून दिली होती, कशाला ते न विचारता. गुंडाळी काखेत धरून गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाय. कलाबाई अंगणात कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधत होती. ओळखलं तिने. पाण्याचा तांब्या आणला, पण हातात दिला नाय, ओट्यावर ठेवला आणि आत गेली. बरोबर केलं.

कोंडाजी बाजेवर. मी ओळखलाच नसता. कुठं तो पैलवान! नुसत्या काड्या आणि कातडं. नजर मात्र तीच. फोटो उलगडला, त्याच्या मांडीवर ठेवला, बोट दाखवलं. म्हटलं, हा आपला आरसा. माझ्या हातनं राहिला. मी खोटं सांगितलं होतं.

पाठ करून गेलो होतो अजून बरंच. ते आठवलंच नाय.

तो फोटो बघत राहिला. शिव्या देईल, उठून मारेल — मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने विचारलं ते भलतंच.

"केरू, म्हंजी हे खाली आलं व्हतं?"

मला कळेना. म्हटलं, काय खाली आलं?

"७१९. पडलं नाय ना ते?"

म्हटलं, नाय. बावीस वर्षं उडलं. रिटायर झालं. कॉलेजात उभं हाय.

तेव्हा त्याने डोळे मिटले. मग सांगत बसला, तुटक-तुटक. साहेबांना तो तेव्हा ओरडून सांगत होता म्हणे, आरसा आतच हाय, सीट खोला, मला काढायचं तर काढा पण विमान सोडू नका. वर बसणारं पण कुणाचं तरी पोरगं हाय. कोण ऐकणार, उंदराने पिशवीत पाहिलं होतं ना. मग अडतीस वर्षं, पेपरात विमान पडल्याची बातमी आली की हा चांदवडच्या वाचनालयात जाऊन सगळे पेपर चाळायचा. नंबर बघायला. पेपरात नंबर छापत नाहीत. दरवेळी त्याला वाटायचं, हेच.

मी एकदाही विचार केला नव्हता, वर कोण बसलं असेल याचा. बिल्ल्याचा नियम जावयाला फुशारकीने सांगितला मी, कशासाठी असतो ते पण सांगितलं — आणि माझं मला कधी लागू केलं नाय. अडतीस वर्षं मी या माणसाची किळस केली.

निघताना हात जोडले. त्याने बघितलं नाय. म्हणाला, "हात जोडू नको. मला ते ७१९ दाखीव."

२० नोव्हेंबर

ललितला फोनवर सगळं सांगितलं. मग म्हटलं, ललितराव, तुमच्या नकाशात सत्तेचाळीसपुढं लिहा. दांडीचा आरसा. कारखान्यात केरू फिटरच्या हातून आत राहिला. कोंडाजी फिटरने चोरला नव्हता. दोन्ही नावं लिहा.

तो म्हणाला, नाना, दोन हजार लोक आहेत. सगळीकडे जाईल.

म्हटलं, तुम्ही बोल्ट उलटा का सरळ ते सोडत नाय. मग हे पण सोडू नका.

२१ नोव्हेंबर

लिहिलं त्याने. जसंच्या तसं. नागपूरवाला म्हणे सत्तर जणांना पत्र लिहितोय. एकाने विचारलंय, आरशाची काचेकडची बाजू वर होती का खाली. या लोकांचा मला खरंच वीट आलाय. पण निदान विचारतात.

२४ नोव्हेंबर

कोंडाजी सकाळच्या एसटीने आला. एकटा, कापडी पिशवी घेऊन. ललितने गाडीतून कॉलेजात नेलं. रंगाऱ्याची शिडी होतीच. मी चढायला गेलो तर डावा खांदा वर जाईना. तो मला बाजूला सारून चढला, वाकला, आणि हात फटीत घातला. सरळ गेला. वाळून-वाळून त्याचा हात आता माझ्यासारखा झालाय.

बराच वेळ खटपट केली. रंगाचे पापुद्रे पडले. खाली आला, आरसा माझ्या नाकासमोर धरला. दिसलं काय नाय, नुसता राखाडी रंग. मग माझ्याकडं बघत-बघत त्याने तो पिशवीत टाकला.

कॉलेजचा शिपाई पळत आला. त्यांनी काय टाकलं पिशवीत, मला विचारायला लागला.

म्हटलं, मी नाय पाहिलं.