आठ दिवसांचा अर्ज

अण्णा, काल परभणीहून तुमच्या पणतीचा फोन आला. माझ्या धाकट्या भावाची नात ती. तिला इथं अमेरिकेत शिकायला प्रवेश मिळालाय, आणि तिचा बाप म्हणतोय, विद्यार्थ्याच्या व्हिसाच्या भानगडीत कशाला पडतेस, भेटीचा काढ, तिथं गेल्यावर वाढवून घेऊ. ‘आजोबा, कोणता काढू?’ असं तिनं विचारलं आणि मला हसूच आवरेना. पोरीला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं. तुमचा रोग घरातून अजून गेलेला नाही, अण्णा. मी तिला सरळ सांगितलं, शिकायला यायचं तर शिकायचाच काढ, बापाचं ऐकू नकोस. फोन ठेवला आणि हसू कुठल्या कुठं गेलं. तेव्हापासून कागद पुढं घेऊन तुमच्याशीच बोलतोय.

निजामाचं राज्य होतं, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि तुम्ही परभणीच्या कचेरीबाहेर चटई टाकून लोकांचे अर्ज लिहायचात. माणूस समोर टेकला की आधी म्हणायचात, ‘खरं काय हाय ते मला सांग. कचेरीला काय सांगायचं ते मी बघतो.’ वालूरचा तो शिपाई मला अजून दिसतो. बायको अंथरुणाला खिळलेली, त्याला दोन महिने रजा पाहिजे. तुम्ही मागितले आठ दिवस. तो रडकुंडीला आला. ‘आठ दिवसांत काय हुतंय, अण्णा?’ तुम्ही टाक दौतीत बुडवता बुडवता म्हणालात, ‘अरे येड्या, दोन म्हैने बघितलं की सायेब कागद बाजूला सारतोय. आठ दिवस म्हणलं की दस्तखत करतोय. तू एकदा घरी पोच. मंग वाढवून घिऊ.’ आणि खरंच, आठ-आठ दिवस करत तुम्ही त्याला दोन महिने काढून दिलेत. बायको उठून हिंडायला लागली. तो हरभऱ्याच्या ढाळ्यांचा भारा घेऊन आपल्या दारात आला तेव्हा तुमची ऐट काय वर्णावी! दिवसभर आईला तेच ऐकवत होतात.

म्हणूनच तुमची चूक झाली. कापसाच्या रोगांचा अभ्यास करायला मला अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, खर्चाचं मामांनी अंगावर घेतलं, आणि मुंबईच्या वकिलातीतून दोन छापील कागद आले. एक शिकायला जाणाऱ्याचा. त्यात शिक्षण झाल्यावर परत जाईन असं लिहून द्यायचं, त्याला घरच्यांची हमी जोडायची. दुसरा भेटीला जाणाऱ्याचा, सहा महिन्यांपुरता. मी दोन्ही तुम्हाला मराठीत समजावून सांगितले. तुम्ही चष्मा पुसलात आणि भेटीचा कागद पुढं ओढलात.

‘ह्योच. चार वर्सं म्हणलं की गोरा सायेब भेतोय. सा म्हैने माग. तिथं गेल्यावर वाढवून घिऊ.’

‘अण्णा, ही आपली कचेरी न्हाई.’

‘कचेऱ्या समद्या सारख्याच असत्यात.’

भेटीच्या कागदावर कॉलेज मला वर्गात बसू देणार नाही, बोटीनं उलट माघारी धाडतील, हे मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. पण तुमचा उर्दू मसुदा तोवर अर्धा झालेला.

दुपारी चुलीपुढं जेवायला बसलो. आई भाकरी थापत होती. माझा राग घासाबरोबर बाहेर आला. ‘तुमाला मला धाडायचंच न्हाई. सा म्हैन्यांत माघारी यावं म्हणून ह्यो कागद काढलाय तुमी.’ आईचा हात थांबला. तुम्ही उचललेला घास परत ताटात ठेवलात. मला वाटलं, आता ताट भिरकावताय. पण तुम्ही खाली बघूनच म्हणालात, ‘मंग? बापानं येवढं बी मागू न्हाई व्हय?’ आई म्हणाली, ‘गावाला म्हणता खरं सांग, खरं सांग. आज सोता सांगितलं बगा.’ एरवी यावर तुम्हीच आधी हसला असतात. त्या दिवशी तव्यावरची भाकरी करपून गेली. शिकलेला मुलगा मी, आणि बापाला त्याच्याच चुलीपुढं उघडं पाडलं, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कचेरीत गेला नाहीत. चटई घरातच टाकलीत आणि मला समोर बसायला सांगितलंत, परक्या माणसागत. ‘खरं काय हाय ते मला सांग. परत येणार का?’ मी ‘येणार’ म्हणालो. अण्णा, शपथेवर सांगतो, त्या घडीला ते खरं होतं. मग तुम्ही हमीपत्र लिहिलंत. त्यात एक शब्द कमी केला नाहीत की चोरला नाहीत. मुलगा शिकायला चाललाय, चार वर्षं लागतील, त्यानंतर तो परत येऊन चुडाव्याचं आमचं शेत बघेल, त्याचा बाप म्हणून मी जामीन आहे. मी शेजारी बसून त्याचं इंग्रजी करत होतो. ‘येवढं समदं खरं मी जल्मात कुणासाठी लिवलं न्हाई,’ असं म्हणालात तुम्ही. आणि खाली सही केलीत. मुंबईला साहेबानं तोच कागद दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडं गडबड सुरू झाली तेव्हा तुम्हीच लिहिलंत, आत्ता येऊ नको. मग निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली उर्दू हळूहळू हटली, तुमची चटई उठली, आणि तुमचं पत्र आलं, ‘आता ये. चुडाव्याचा कापूस तुझी वाट बघायलाय.’ शिक्षण तोवर संपत आलं होतं, इथं नोकरी समोर उभी होती. मी लिहिलं, अजून सहा महिने. त्यानंतर पुन्हा लिहिलं, अजून सहाच. तुमचीच युक्ती, अण्णा, मी तुमच्यावर चालवली, आणि ती तुम्हाला कळली नसेल असं मी स्वतःला सांगत राहिलो. अर्जनवीस माणूस तुम्ही, तुम्हाला कळणार नाही होय? तरी एकाही पत्रात तुम्ही हमीपत्राचं नाव काढलं नाहीत. मग एक दिवस धाकट्याची तार आली.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या हमीपत्राची नक्कल माझ्याकडं आहे, तिच्याच घडीत ठेवून देईन. पण समोर बसलोच आहे, तर खरं काय ते सांगून टाकतो. तुमच्यामागं बऱ्याच वर्षांनी मी परभणीला आलो. तोवर इथला नागरिक झालो होतो, त्यामुळं आपल्याच घरी यायला मला व्हिसा काढावा लागला. हेतू विचारला होता, तिथं मी ‘भेट’ लिहिलं. किती दिवस, तिथं ‘आठ’. चुडाव्याच्या बांधावर धाकटा म्हणाला, ‘दादा, ऱ्हा की अजून. वाढवून मिळतंय म्हणं.’ मिळत होतं, अण्णा. मी मागितलंच नाही.