बाबांची राख आणि दादाचा समुद्र

१८ नोव्हेंबर २००१, रविवार

बाबांना जाऊन दोन दिवस नाही झाले, तर आमच्या नागसेनदादाने त्यांना अ‍ॅडमिरल करून टाकलं! अंगणात येईल त्याला एकच ऐकवतो — "बाबा म्हणजे समुद्रपुत्र!"

समुद्रपुत्र! बाबा जहाजाच्या पोटात होते, बॉयलरपाशी. वर लढाई जुंपली तरी यांना नुसते आवाज. स्वतःच हसत सांगायचे, "दहा वर्षं नेव्हीत काढले पोरी, पन समुद्र पाहाचा तं सुट्टी टाकून किनाऱ्यावर जा लागे." दादाला हे माहीत नाही असं नाही. पण नागपूरच्या बँकेत मॅनेजर झालेल्या माणसाला बॉयलरवाला बाप कसा चालेल?

१९ नोव्हेंबर

राख आणली. पितळेच्या गडव्यात ठेवली, वर पांढरं फडकं बांधलं. आई त्याच्याशेजारी बसून असते.

२१ नोव्हेंबर

दादाचा बेत ऐका. चार डिसेंबरला नौदल दिन. त्या दिवशी विशाखापट्टणमला, बाबा नोकरीला होते तिथे, जायचं आणि राख समुद्रात सोडायची. पेपरवाल्याला बातमी आधीच दिली आहे. घरच्यांना मागाहून!

गुणवंतराव बसले होते — निवृत्त हेडमास्तर, आमच्या वस्तीतले मोठे वक्ते. ते उसळलेच. "काऊन रे नागसेन, राख पान्यात सोडनं छप्पन सालीच सोडलं ना आपन? मंग दीक्षा कायले घेतली?"

"काका, हे धार्मिक नाही. नेव्हीची पद्धत आहे."

नेव्हीची पद्धत म्हणे! याने आयुष्यात गावच्या बोडीत, त्या एवढ्याशा तळ्यातसुद्धा कधी पाय बुडवला नाही. बाबा पोहायला शिकवायचे तेव्हा हा काठावर बसून रडायचा.

आमच्यात राख शेतात पुरतात, वर झाड लावतात. बाबांचंही तसंच व्हायला हवं, आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, तिथल्या बांधावर. मी स्पष्ट सांगितलं. गुणवंतराव माझ्या बाजूने आहेत — हीच काय ती पंचाईत. आता तासभर ऐकावं लागणार.

२३ नोव्हेंबर

पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, चार शांत शब्द बोलले. तेवढ्यावर थांबलं असतं तर किती बरं! पण माईक आणला होता ना. मग काय, रांगच लागली. बाबांबरोबर राईस मिलमध्ये काम करणारा लच्छू म्हणाला, "आमच्या खुशालभाऊनं एकट्यानं पानबुडी अडवली होती!" कशाने अडवली? हाताने? लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

दादाने कागदावरून वाचलं, 'कुटुंबवत्सल पिता'. फोटोग्राफर पुढे आला आणि नेमका तेव्हाच याने रुमाल डोळ्यांना लावला. शाबास!

कुटुंबवत्सल म्हणजे काय ते मला विचार. मिलमधून आले की हातपाय धुऊन माझी वेणी घालायचे, दोर वळल्यासारखी. इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. मी ओरडायचे, ते म्हणायचे, "वादळ आलं तरी नाई सुटाची." रोज सकाळी आईला चहा नेऊन द्यायचे. वस्तीतले पुरुष हसायचे — 'बायकोचा गडी'. बाबा त्यांनाही विचारायचे, "तुम्ही घेता का घोटभर?" यातलं एक वाक्य त्या कागदावर नव्हतं.

मला बाबा हवे आहेत. बाकी काही नको.

२६ नोव्हेंबर

आज कडकडून भांडण.

मी म्हटलं, "दादा, बाबांना समुद्र नकोसा झाला होता. नाहीतर पेन्शन लागायच्या आधी नोकरी सोडून कोण येतं? ते सोडून नागभीडच्या राईस मिलमध्ये पुन्हा बॉयलरच फुंकत बसले! कंटाळले होते ते."

"तुला काय कळतं नेव्हीतलं?"

"आणि तुला बाबांमधलं काय कळतं? दोन वर्षं अंथरुणाला होते. किती वेळा आलास?"

दादा लगेच बाबांच्या गुडघेदुखीच्या डॉक्टरांचं बिल कोणी भरलं ते ऐकवायला लागला. मॅनेजर तो मॅनेजरच.

मी चांगली पाच वर्षांची होईपर्यंत बाबा म्हणजे वर्षातून एकदा येणारा पाहुणा. एकदा तर त्यांना पाहून मी ठमामावशीच्या पदरात लपले होते, ती अजून चिडवते. ती पाच वर्षं समुद्राने खाल्ली. आता राखही त्यालाच देऊ? मुळीच नाही.

शेवटी दोघांनी आईला विचारलं, तूच सांग. ती म्हणाली, "धान घरी येऊ द्या पयले." आणि सूप घेऊन उठून गेली.

२८ नोव्हेंबर

गडवा माझ्या कपाटात. किल्ली माझ्या कमरेला. बघू कसा नेतो!

३० नोव्हेंबर

जिंकले! गुणवंतरावांनी वस्तीतली चार माणसं घेऊन दादाला घेरलं आणि समाजात तोंड दाखवायचं आहे की नाही असं विचारलं. दादाचा समुद्र तिथेच आटला. आता फुगून बसला आहे. जेवला मात्र पोटभर.

आमच्या शेतावरच्या गड्याने, इतवारीने, धुऱ्यावर खड्डा खणून ठेवला. गुणवंतरावांनी पिंपळाचं रोप आणलं आणि ते देताना भाषणही केलं — समोर श्रोते कोण, तर मी, इतवारी आणि त्याचे दोन बैल. उद्या सकाळी राख पुरायची.

१ डिसेंबर

सकाळी आई पांढरं लुगडं नेसून समोर उभी. "किल्ली दे. अन् इतवारीले म्हना, खड्डा बुजवून टाक. मी नागसेनसंगं जातो समुद्रावर."

मी म्हटलं, "आई, अगं बाबांना समुद्र नको होता!"

"त्यायले नाई. मले नको होता. तिथी नेव्हीचा क्वाटर भेटला होता राहाले आपल्याले. दर सालच्या सुट्टीत मले न्याले येत होते ते. मले पान्याचं भेव, मी नाईच गेलो. शेवटी त्यायनंच नौकरी सोडली, अन् कोनापाशी माहं नाव काढलं नाई." मग म्हणाली, "आता तरी जाऊ दे मले त्यायच्या संगं."

मी किल्ली दिली.